शेगडी आणि बंद खोली

फाल्गुन लागला की गोधड्या धुऊन, वाळवून माळ्यावर टाकायच्या, हा आपला शिरस्ता. 2014 साली आम्हीही टाकल्या आणि फसलो. त्या मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झालेली गारपीट वाचकांना आठवत असेल. उभा गहू झोपला, हरभरा गेला. नेमक्या त्याच दिवसांत मुलगा-सून होळीसाठी आमच्याकडे आले होते. नात सहा वर्षांची, नातू दीड वर्षाचा.

दुपारी अंगणात गारांचा सडा पडला. नातीने वाटी भरून गारा आणल्या. नातवाने एक तोंडात घातली आणि असे तोंड केले की आम्ही हसून बेजार झालो. संध्याकाळी वीज गेली आणि बोचरा वारा सुटला. आमच्या सौ.ने अंगणात कोळशाची शेगडी पेटवली आणि धूर सरल्यावर ती माजघरात आणली. मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला पोते लावले. होय, मीच. चाळीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाने.

शेंगदाणे भाजले, गोष्टी रंगल्या. तासाभराने नात म्हणाली, "आबा, डोकं दुखतंय." मी म्हटले, "गारांत खेळलीस, सर्दी होणार." एरवी अकरापर्यंत धिंगाणा घालणारा नातू आईच्या खांद्यावर मान टाकून पडला. "आज लवकर झोपला हो," सौ. कौतुकाने म्हणाली. पण "मामंजी, माझंही डोकं जड झालंय, मळमळतंय," असे सूनबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका घरातल्या तिघांना एकाच वेळी सर्दी होत नसते!

दार उघडून सर्वांना ओसरीवर काढले. नातवाला हलवले तरी तो नीट डोळे उघडेना. तशाच थंडीत त्याला रुग्णालयात नेऊन प्राणवायू लावला. पहाटे त्याने दूध मागितले, तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले.

कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज येथेच घात करतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांना तो लवकर बाधतो. झोपलेल्या माणसाला तर कळतच नाही.

तेव्हा शेगडी ओसरीवर किंवा अंगणात ठेवा आणि शेकून आत या. निखाऱ्यांवर राख टाकून ती झोपायच्या खोलीत मुळीच ठेवू नका. एखादी खिडकी किलकिली ठेवली म्हणून भागत नाही. लहानग्यांना एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, टोपी-मोजे घाला, कुशीत घ्या. गरम मऊ भात, वरण, तूप आहेच. कोणाला गुंगी वाटली तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढून गोधड्या खाली काढल्या. सर्दी-खोकला झालेल्या बाळाचा श्वास कसा मोजावा, ते पुढील आठवड्यात.