चाळिशीतल्या विद्यार्थ्याचा भत्ता

कामगारांना संगणक शिकवायचा म्हटलं की सरकारं आधी वर्ग काढतात. सिंगापूरने २०१५मध्ये ‘स्किल्सफ्यूचर’ योजना आणली तेव्हा उलटी वाट धरली. पंचविशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर तिथले ५०० डॉलर जमा केले. रोख नव्हे, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या फीपुरते. डेटा विश्लेषण शिका नाहीतर केक करायला, मर्जी तुमची.

सरकारी पैसा म्हटलं की लाटणारे आलेच. २०१७मध्ये एका टोळीने खोटे दावे लावून सुमारे ४ कोटी डॉलर उकळले. मग तपासणी कडक झाली.

खरी अडचण मात्र फीची नव्हतीच. घराचा हप्ता डोक्यावर असलेला पंचेचाळिशीचा कारकून नोकरी सोडून सहा महिने वर्गात बसणार कसा? २०२४मध्ये चाळिशी गाठलेल्यांना आणखी ४,००० डॉलर मिळाले, तेही नोकरीला उपयोगी पडतील अशा निवडक अभ्यासक्रमांसाठीच. केक गेला! आणि २०२५पासून ठरावीक पूर्णवेळ अभ्यासक्रम करणाऱ्यांना आधीच्या सरासरी कमाईच्या निम्मा भत्ता सुरू झाला, महिन्याला कमाल ३,००० डॉलर. माझ्या मते सगळ्यांत शहाणं कलम हेच. मालकही सुटत नाही. कामगाराच्या मासिक वेतनाच्या ०.२५ टक्के, ठरलेल्या मर्यादेत, मालकाला कौशल्य विकासासाठी भरावेच लागतात.

आपल्याकडे ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१पासून आहे. अनेक सरकारी पदांसाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून वर्ग भरतात. शिकताना बुडालेल्या रोजाची भरपाई मात्र त्यात कुठेच नाही.