खरखर शिरते ती पहिल्या टप्प्यात

ध्वनिवर्धकातली खरखर बहुतेक वेळा त्याच्या पहिल्याच टप्प्यात, म्हणजे प्रीअँपमध्ये ठरते. माईकमधून येणारा संकेत एक-दोन मिलिव्होल्ट इतकाच असतो. तो शेकडो पटींनी वाढवताना प्रीअँपच्या तोंडाशी शिरलेली खरखरही तितकीच वाढते. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमधले शबद-कीर्तन असो की लातूर जिल्ह्यातल्या गावचा हरिनाम सप्ताह, दोन शब्दांमधल्या शांततेत ऐकू येणारी ‘सूं’ इथली असते. खर्च करायचा तर तो आधी इथे करावा.

रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलतात आणि त्याच्या टोकांवर अतिसूक्ष्म व्होल्टेज उमटते. हे बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी मोजले आणि हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने समजावले. दोघांचे लेख १९२८ चे. २७ अंश सेल्सिअसला, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, १ किलोओहमचा रेझिस्टर सुमारे ०.६ मायक्रोव्होल्ट खरखर देतो. १०० किलोओहमचा त्याच्या दहापट. म्हणून पहिल्या टप्प्यात कमी ओहमचे, आणि तेही मेटल फिल्मचे रेझिस्टर हवेत. जुन्या कार्बन कंपोझिशन रेझिस्टरमधून वीज वाहू लागली की त्यांची वेगळी खरखर वर मिसळते.

प्रीअँपचा आयसी निवडताना माईकचा रोध पाहावा. सुमारे २०० ओहमच्या डायनॅमिक माईकला एनई ५५३२ शोभतो. त्याची स्वतःची खरखर याच पट्ट्यात ०.७ मायक्रोव्होल्टच्या आसपास असते, टीएल ०७२ ची तिच्या तिपटीहून जास्त. तंबोऱ्याला चिकटवलेल्या पिझो पिकअपचा रोध मात्र प्रचंड असतो. तिथे ५५३२ च्या इनपुटमधला सूक्ष्म प्रवाहच खरखर वाढवतो आणि टीएल ०७२ सरस ठरतो. ‘सर्वांत चांगला आयसी कोणता’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे.

संकेताच्या वाटेवर फिल्म कपॅसिटर घालावेत. साधे मोठ्या क्षमतेचे सिरॅमिक कपॅसिटर टकटक केली, कंप बसला की स्वतःच संकेत निर्माण करतात.

मराठवाड्याच्या उन्हाचे काय? तापमान २७ वरून ४२ अंशांवर गेले तरी रेझिस्टरची खरखर अवघी अडीच टक्के वाढते. कानाला ती कळतही नाही. ऊन बाधते ते वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना. दर १० अंशांमागे त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मंडपातल्या बंद पेटीत, तापलेल्या हीटसिंकशेजारी, आतला द्रव लवकर सुकतो, क्षमता घटते आणि १०० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये उतरते. ८५ ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर घ्यावेत आणि ते हीटसिंकपासून लांब बसवावेत.