नेटमधली विकेट

नेटमध्ये बाद झालेला फलंदाज बाहेर येत नाही. मधला स्टंप उडाला तरी तो वाकून बॉल उचलतो, गोलंदाजाकडे टाकतो आणि पुन्हा गार्ड घेतो. मुंबईच्या मैदानांवर मी तीसेक वर्षं हे बघतो आहे, आधी खालच्या डिव्हिजनमधला खेळाडू म्हणून आणि आता मुलांना शिकवताना. क्लब क्रिकेटपटूचं सगळ्यात मोठं नुकसान याच सवयीने होतं, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून दोनदा चाळीस-चाळीस बॉल खेळायचे, त्यात सहा वेळा बाद व्हायचं आणि रविवारी पहिल्याच चुकीला तंबूत परतताना म्हणायचं, ‘नेटमध्ये तर मस्त बसत होता बॅटवर.’

शिवाजी पार्कवर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी यावर काढलेला उपाय घराघरात पोचला आहे: स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं, बाद झाला नाही तर ते फलंदाजाचं. पण गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की नाणंच तेवढं लक्षात राहिलं. त्यांचा शिष्य सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात त्या सरावाचं वर्णन केलं आहे. शेवटची पंधरा मिनिटं, शिबिरातला प्रत्येक गोलंदाज ताजातवाना होऊन अंगावर येणार आणि साठ-सत्तर मुलं क्षेत्ररक्षणाला उभी. उचलून मारलेला कुठलाही फटका कुणाच्या तरी हातात जाणार, म्हणून प्रत्येक बॉल जमिनीलगतच ठेवायचा. दिवसभर खेळून दमलेल्या मुलाच्या विकेटला सरांनी किंमत लावली, ती अशी. त्याच पुस्तकात आहे की एका उन्हाळी सुट्टीच्या साठ दिवसांत सचिन पंचावन्न सराव सामने खेळला. सरांचा भर नेटपेक्षा सामन्यावर होता. सामन्यात बाद झालं की बाद, तिथे दुसरा गार्ड मिळत नाही.

कांगा लीगने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. पारशी संघाचे नामवंत फलंदाज डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात होते. पीच उघडं, बाहेर गवत माजलेलं. आझाद, क्रॉस, माटुंगा, कुठल्याही मैदानावर जा, बॉल एकदा थांबून येतो आणि पुढचा त्याच टप्प्यावरून अंगठ्यावर उडतो. इथे पुढे झेपावून ड्राइव्ह मारणारा शॉर्ट कव्हरच्या हातात बॉल ठेवतो. टिकतो तो बॉल नाकाखाली येईपर्यंत थांबणारा, खालचा हात सैल सोडणारा. शिवाय जमिनीवरून मारलेला चांगला फटका गवतात अडकून एकच धाव देतो, त्यामुळे कधीतरी उचलून मारावंच लागतं. कुठला बॉल उचलायचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि फलंदाजी सुधारणं म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर अधिकाधिक वेळा बरोबर देणं. गावसकर, वेंगसरकर दादर युनियनकडून याच पीचवर खेळले. मऊ हात आणि उशिरा खेळण्याची सवय त्यांना या चिखलानेही लावली, याबद्दल मला शंका नाही.

गोलंदाजांची नेटमधली चूक वेगळी. क्रीज ओलांडून दोन फूट पुढून बॉल टाकायचा, आणि सहा बॉलमध्ये सहा प्रकार करून बघायचे. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर आठवा. प्रथम श्रेणीत 589 बळी, बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी नाही. 1972-73च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे आठ गडी 16 धावांत बाद केले. ही किमया एका टप्प्याची होती, तासन्‌तास त्याच जागी पडणाऱ्या बॉलची. आमच्याकडे मी पीचवर खडूने एक चौकोन आखतो आणि मुलाला सांगतो, एकाच फलंदाजाला सलग सहा बॉल, क्रीजच्या मागून. नऊ-दहाव्या षटकानंतर बॉल चौकोनाबाहेर जायला लागतात, तिथून खरा सराव सुरू होतो. पावसात रनअप आखूड करायचा, टॉवेल कमरेला ठेवायचा आणि बॉल फूटभर पुढे टाकायचा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम वीस षटकं टाकू नयेत, हेही सांगायला हवं. पाठ दुखावते.

मनाबद्दल क्लबात कुणी बोलत नाही. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून यायचं, सहाव्या क्रमांकासाठी दिवसभर पॅड बांधून बसायचं आणि वाट्याला दोन षटकं यायची. त्या दोन षटकांत वर्षाचा हिशेब चुकता करायचा असतो. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून भागत नाही, त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. गोलंदाज धावू लागल्यापासून बॉल मेला तिथपर्यंत लक्ष, मग नजर लांबच्या झाडाकडे, एक श्वास, पुन्हा गार्ड. तीन तास लक्ष कुणाचंच टिकत नाही, सात-आठ सेकंद सगळ्यांचं टिकतं. अपयशानंतरही मन असंच सांभाळावं लागतं. 1998 साली ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न याला खेळण्याच्या तयारीसाठी सचिनने लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून लेगस्टंपबाहेरच्या उकरलेल्या जागेत बॉल टाकून घेतले. तरी चेन्नईत पहिल्या डावात वॉर्ननेच त्याला चारवर बाद केलं. दुसऱ्या डावात नाबाद 155. तयारी चुकली, असं त्या चार धावांनंतर त्याने मानलेलं दिसत नाही. मला यातला हा भाग 155पेक्षा मोठा वाटतो.

आमच्या क्लबात बँकेत नोकरी करणारा छत्तीस वर्षांचा एक डावखुरा आहे. दर रविवारी वीसच्या आत बाद व्हायचा. दोन वर्षांपूर्वी बुधवारच्या नेटला मी नियम केला: बाद झालास की बाकावर, पॅड घालून, पुढची वीस मिनिटं फक्त बघत बसायचं. पहिल्या बुधवारी तो तिसऱ्या बॉलला बाद झाला. बसला, पण रागाने ग्लोव्ह्‌जची पट्टी उघडत-लावत राहिला. दुसऱ्या बुधवारी सात बॉल. पाचव्या बुधवारी काळोख पडेपर्यंत कुणाला मिळाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी क्रॉस मैदानावर पीच काळं-ओलं होतं. ऑफस्टंपबाहेरचे अकरा बॉल त्याने सोडले, मी बोटांवर मोजत होतो. 31 धावा केल्या आणि मिडऑफला झेल दिला. एरवी हा परतताना पीचला आणि नशिबाला शिव्या घालायचा. या वेळी बाकावर बसून पॅडचा पट्टा सोडवता सोडवता म्हणाला, ‘थांबून आला सर. मी आधीच गेलो.’