एप्रिलची शिदोरी

26 एप्रिल 2023 च्या रात्री पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर बेसबॉल सामन्याच्या आठव्या इनिंगमध्ये एक नवा बॅटर मैदानात उतरला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याचं नाव ड्रू मॅगी. वय 33 वर्षं. 2010 मध्ये याच पिट्सबर्ग पायरेट्स संघानं त्याला निवडलं होतं. त्यानंतरची 13 वर्षं तो मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या खालच्या पायऱ्यांवर, खेळत राहिला. तिथले 1,155 सामने खेळून झाल्यावर त्याला वरच्या संघातून पहिल्यांदा खेळायला मिळालं, तेही संघातला एक खेळाडू काही दिवसांसाठी रजेवर गेला म्हणून. त्या रात्री मॅगी तीन स्ट्राइकवर बाद झाला. टाळ्या तरी थांबल्या नाहीत. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्यानं पहिली हिट मारली आणि त्याच दिवशी पायरेट्सचा हिशेब झाला 20 विजय, 8 पराभव.

हा आकडा काय होता हे कळायला पिट्सबर्गचा इतिहास थोडा माहीत हवा. 1993 ते 2012 अशी सलग 20 वर्षं या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघानं पाहिलेला नाही. मध्ये तीन-चार वर्षं बरी गेली आणि पुन्हा घसरण लागली. 2021 मध्ये 101 पराभव, 2022 मध्ये 100. आपल्याकडे हा संघ थोडाफार माहीत आहे तो उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंमुळे. 2008 मध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं आणि पुढे त्यांच्यावर ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट निघाला. अशा संघाची सुरुवात 20-8 अशी होते, तेव्हा शहरातल्या प्रत्येक चहाच्या नाही तरी कॉफीच्या टेबलावर एकच प्रश्न असतो. हे टिकेल का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हा वेग जवळजवळ कुणाचाच टिकत नाही. पण एप्रिलमध्ये बांधलेली शिदोरी टिकते आणि ती सप्टेंबरपर्यंत पुरेल की नाही, हे बरंचसं आधी ओळखता येतं. त्यासाठी विजयांचा रकाना सोडून दुसरीकडे पाहावं लागतं.

आधी मोसमाची लांबी पाहू. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत, प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. आयपीएलमध्ये साखळीचे 14 असतात. म्हणजे बेसबॉलचे 28 सामने हे आयपीएलच्या मापानं जेमतेम अडीच सामने झाले. अडीच सामन्यांवरून आपण कुणाला चॅम्पियन म्हणत नाही. 2024 मध्ये राजस्थान रॉयल्सनं नऊपैकी आठ सामने जिंकले, पुढचे चार ओळीनं हरले, आणि बंगळुरूच्या संघानं आठपैकी सात गमावूनही प्लेऑफ गाठलं. तिथे तर निम्म्याहून जास्त स्पर्धा उरकली होती.

बेसबॉलमध्ये नशिबाचा वाटाही मोठा आहे. गोल चेंडू, गोल बॅट. कडाडून मारलेला फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो आणि चुकून लागलेला चेंडू दोघांच्या मध्ये पडतो. सर्वोत्तम संघ मोसमात साधारण 60 टक्के सामने जिंकतो, अगदी कमजोर संघ 40 टक्क्यांच्या आसपास. दोघांमधलं अंतर एवढंच असेल, तर एका महिन्यात ते झाकलं जाणं सहज शक्य आहे. गणित करून पाहा. नाणं 28 वेळा उडवलं, तर 20 किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण 56 मध्ये एक. फार कमी वाटते. पण लीगमध्ये संघ 30 आहेत. तिसांनी एकेक नाणं घेऊन बसायचं ठरवलं, तर दर दोन-अडीच वर्षांत एकदा तरी कुणीतरी 20-8 करून दाखवेल, तेही अंगात विशेष काही नसताना. ‘या वर्षी आश्चर्य कुणाचं?’ अशी बातमी दर वसंतात छापून येते, तिच्यामागे हे गणित असतं.

मग तक्त्यातला कोणता रकाना पाहायचा? याचं उत्तर देणाऱ्यांत पहिलं नाव बिल जेम्स यांचं. कॅन्सस राज्यात एका कारखान्यात रात्रपाळीला पहारा देता देता हा माणूस बेसबॉलच्या आकड्यांशी झटत बसे. 1977 मध्ये त्यानं आपली पहिली आकडेवारी-पुस्तिका स्वतःच छापली. त्याचं म्हणणं साधं होतं. संघाची खरी ताकद त्यानं किती सामने जिंकले यापेक्षा किती धावा केल्या आणि किती दिल्या यात जास्त दिसते. केलेल्या धावांचा वर्ग घ्या आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेनं भागा. येईल ते विजयाचं प्रमाण. शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाशी साम्य दिसतं, म्हणून या सूत्राला त्याचंच नाव पडलं.

या सूत्राची ताकद मला सर्वांत जास्त पटली ती बाल्टिमोर ओरिओल्सच्या उदाहरणावरून. 2012 मध्ये या संघानं 93 सामने जिंकले. पण वर्षभरात केलेल्या धावा 712 आणि दिलेल्या 705. म्हणजे फरक फक्त सात धावांचा. मग 93 विजय आले कुठून? एका धावेच्या फरकानं लागलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब होता 29 विजय, 9 पराभव. अटीतटीचे सामने जिंकणं ही या संघाची खास कला आहे, असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. पुढच्या वर्षी संघ प्रत्यक्षात सुधारला, धावांचा फरक सातवरून 36 वर गेला. तरी विजय 93 वरून 85 वर घसरले, कारण एका धावेच्या सामन्यांत या वेळी त्यांचा हिशेब झाला 20-31. कला एका हिवाळ्यात आटत नाही. तो नशिबाचा फेरा होता आणि तो उलटला.

आता पुन्हा 2023 च्या एप्रिलकडे येतो, कारण त्या महिन्यात आश्चर्याचे संघ दोन होते. पिट्सबर्गला हरखून जायला 20-8 पुरलं. तिकडे फ्लोरिडात टँपा बे रेज या संघानं पहिले 13 सामने ओळीनं जिंकले. 1900 नंतरच्या काळात असं त्याआधी फक्त दोनदा घडलं होतं, 1982 मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज आणि 1987 मध्ये मिलवॉकी ब्रूअर्स. रेज हा काही श्रीमंत संघ नाही. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या गटात राहून त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी पगारात त्याला खेळाडू सांभाळावे लागतात.

या 13 विजयांत रेजनी 101 धावा केल्या आणि फक्त 30 दिल्या. पहिले नऊ सामने तर प्रत्येकी किमान चार धावांच्या फरकानं जिंकले. जेम्सच्या सूत्रात हे आकडे घातले तर 13 पैकी 12 विजय निघतात. म्हणजे नशिबानं हातात दिलेला विजय फार तर एक, बाकीचे संघाच्या कमाईचे. दुसरी बाजूही सांगायला हवी. ते हरवत होते कुणाला? डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलंड आणि बॉस्टन. त्या मोसमाअखेर या चारही संघांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. ओकलंडनं तर 112 सामने गमावले. धावांच्या फरकाबरोबर प्रतिस्पर्धी कोण होता हे पाहिलं नाही, तर अर्धंच चित्र हाती लागतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला हे दोन संघ रेजच्या मैदानावर समोरासमोर आले. तीन सामने झाले, तिन्ही रेजनी जिंकले. तिथून पायरेट्स घरी परतले आणि टोरांटोकडूनही तिन्ही हरले. जूनमध्ये सलग 10 पराभव झाले. जुलै संपता संपता, खेळाडूंची देवाणघेवाण थांबण्याची मुदत आली, तेव्हा पिट्सबर्गच्या व्यवस्थापनानं कार्लोस सँटाना, रिच हिल, जी-मान चोई असे अनुभवी खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. ‘हे टिकेल का’ हा प्रश्न चाहत्यांच्या गप्पांपुरता नसतो, तो इथे कळतो. त्याच्या उत्तरावर व्यवस्थापन ठरवतं की या वर्षासाठी खेळाडू आणायचे की पुढच्या वर्षांसाठी असलेले सोडायचे. शेवटी पायरेट्स 76-86 वर थांबले. सुरुवातीचे ते 28 सामने वजा केले तर उरतात 56 विजय आणि 78 पराभव. हा वेग पूर्ण मोसमात 68 विजयांचा होतो. मागच्या वर्षीच्या 62 विजयांपासून हा संघ फार दूर गेलेला नव्हता.

रेजची घसरण निराळ्या कारणानं झाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी चेंडू टाकतो. त्यामुळे एका संघाच्या पोटात पाच संघ असतात. आज कोण फेकतो यावर संघ किती चांगला ते ठरतं. एप्रिलमध्ये सगळे खांदे ताजे असतात आणि सगळी कोपरं शाबूत. 13 एप्रिलला, तो तेरावा विजय मिळत असतानाच, जेफ्री स्प्रिंग्जचं कोपर दुखावलं आणि त्याचं वर्ष संपलं. मे महिन्यात ड्रू रासमुसेन गेला. ऑगस्टमध्ये संघाचा सर्वोत्तम डावखुरा शेन मॅक्लॅनाहन गेला. पहिल्या पाचांतले तीन गेल्यावर सहावा, सातवा, आठवा पिचर कोण, यावर मोसम चालतो. जुलैत रेज 24 पैकी 16 सामने हरले.

तरीही वर्षाअखेर त्यांच्या नावावर 99 विजय होते. पहिले 13 काढले तर 86-63. हा वेग पूर्ण मोसमात 93-94 विजयांचा. म्हणजे मुळात संघ चांगला होता, फक्त तेरापैकी तेरा जिंकणाऱ्या संघाइतका नव्हता. तसा संघ जगात नाहीच. गटात ओरिओल्सनी 101 विजयांनी त्यांना दोन सामन्यांनी मागे टाकलं. ऑक्टोबरमधल्या प्लेऑफमध्ये टेक्सास रेंजर्सनी त्यांना त्यांच्याच मैदानावर दोन दिवसांत घरी बसवलं आणि पुढे तेच रेंजर्स जगज्जेते झाले.

शिदोरी म्हणतो ती याच अर्थानं. 1982 चे ब्रेव्ह्ज पाहा. 13-0 अशी सुरुवात आणि जुलैच्या अखेरीपासून 21 पैकी 19 सामन्यांत हार. डोळ्यांदेखत संघ कोसळत होता. तरी शेवटी 89-73 करून त्यांनी आपला गट जिंकला, लॉस एंजेलिस डॉजर्सच्या फक्त एक सामना पुढे राहून. एप्रिलमधला एखादा विजय कमी पडला असता, तर गटविजेते ठरवायला दोघांना आणखी एक सामना खेळावा लागला असता. 1987 च्या ब्रूअर्सना मात्र शिदोरी पुरली नाही. मे महिन्यात त्यांनी सलग 12 सामने गमावले आणि 91 विजय मिळवूनही गटात ते तिसरे आले. त्या वर्षी दुसऱ्या गटातून फक्त 85 विजयांवर पुढे आलेला मिनेसोटा ट्विन्स वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिका जिंकून गेला. ब्रूअर्सच्या चाहत्यांना हे किती लागलं असेल, याची कल्पना करता येते.

आणि सर्वांत मोठी सुरुवात, 1984 ची डेट्रॉइट टायगर्सची. पहिल्या 40 सामन्यांत 35 विजय. मोसमाच्या पाचव्या दिवशी जॅक मॉरिसनं शिकागोविरुद्ध एकही हिट न देता सामना काढला होता. त्या संघानं पुढे सान दिएगोला 4-1 नं हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली, म्हणून आपण त्याला सुरुवातीपासून अखेरपर्यंत अजिंक्य समजतो. हिशेब तसं सांगत नाही. एकूण 104-58 मधून ते 40 सामने वजा करा. उरतात 69 विजय, 53 पराभव. हा वेग पूर्ण मोसमात 92 विजयांच्या आतबाहेरचा, चांगला पण इतिहासात लिहिण्याजोगा नाही. इतिहास पहिल्या सात आठवड्यांत लिहून झाला होता, पुढचे चार महिने त्यांनी तो राखला.

संघ जुन्या पातळीकडे परतला की चाहते चिडतात. खेळाडूंनी मन लावणं सोडलं, प्रशिक्षक चुकला, असं बोललं जातं. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा आधीचा महिना असामान्य होता आणि आताचा महिना नेहमीचा आहे, एवढंच झालेलं असतं. त्यात कुणाचा अपराध नाही. आणि एप्रिलचे विजय खोटे तर नक्कीच ठरत नाहीत. ते गुणतक्त्यात जसेच्या तसे राहतात. पायरेट्सनी 2023 मध्ये आदल्या वर्षापेक्षा 14 सामने जास्त जिंकले, ते बहुतांश त्या पहिल्या 28 सामन्यांच्या बळावर.

अमेरिकेतले बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात. पुढच्या एप्रिलमध्ये कुणी अनपेक्षित संघ वर दिसला, तर सकाळच्या चहाबरोबर तक्ता उघडा आणि विजय-पराभवांच्या उजवीकडे धावांच्या फरकाचा रकाना असतो, तो आधी पाहा. मग त्यांनी कुणाला हरवलंय ते पाहा, आणि त्यांचा सहावा पिचर कोण आहे ते शोधा. तिन्ही उत्तरं चांगली आली, तर सप्टेंबरपर्यंत त्या संघाची साथ सोडू नका.