व्हिलनसाठी पंधरा मिनिटं

गुलाबी सूट, सोनेरी केस आणि हातात पेन. 'फार क्राय फोर'मधला पेगन मिन हा गेमिंगच्या दुनियेतला सगळ्यात स्टायलिश खलनायक. त्याला गोळी घालायची की त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं?

शुक्रवारची रात्र होती. रूममेट ऐरोलीच्या ऑफिसात नाइट शिफ्टला गेलेली, डब्यातली भाजी संपवलेली आणि दुसऱ्या दिवशी एकही डेडलाइन नाही. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असा शुक्रवार म्हणजे दिवाळीच! खारघरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये मी मस्त मांडी ठोकून बसले आणि चुलतभावाचा जुना पीएस फोर बाहेर काढला. दादा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला आणि जाताना 'सांभाळ गं' म्हणत हा डबा माझ्या गळ्यात मारून गेला. सोबत सहा-सात गेम्स. त्यातलाच एक 'फार क्राय फोर'.

हा गेम मी आधी खेळलेली होते. नोव्हेंबर 2014 मध्ये तो बाजारात आला आणि बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत आमची गँग वाशीच्या एका गेमिंग पार्लरमध्ये पडीक असायची. तिथे तासाला पैसे मोजायचे. मीटर चालू असताना गोष्ट कोण ऐकतंय? दिसला माणूस की घाल गोळी, हा आमचा सिंपल फंडा. पेगन मिनलाही तशीच घातली होती. तो शेवटी काहीतरी बोलत होता एवढंच आठवतं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिमालयात किरात नावाचा एक काल्पनिक देश आहे. (महाभारतातले किरात आठवले ना? मलाही.) अजय घळे हा अमेरिकेत वाढलेला तरुण आईच्या अस्थी घेऊन तिथे येतो. 'मला लक्ष्मणाकडे ने', ही आईची शेवटची इच्छा. लक्ष्मणा म्हणजे माणूस की गाव, हे त्याला ठाऊक नाही. सरहद्दीवर सैनिक बस अडवतात, गोळीबार होतो, माणसं मरतात. मग हेलिकॉप्टरमधून उतरतो या देशाचा स्वयंघोषित राजा, पेगन मिन. तो चिडलेला असतो, कारण त्याने बस थांबवायला सांगितलं होतं आणि सैनिकाने गोळ्या चालवल्या. एवढ्या चुकीसाठी तो त्या सैनिकाला खिशातल्या पेनाने भोसकून मारतो, बुटांवर रक्त उडालं म्हणून वैतागतो आणि लगेच अजयला मिठी मारून सेल्फी काढतो. पाच मिनिटांत तुम्हाला कळतं, हा माणूस डेंजर आहे. आणि त्याच्यावरून नजर हटत नाही, हेही कळतं. आवाज आणि हावभाव ट्रॉय बेकर या अभिनेत्याचे आहेत. बाबाने धमाल केली आहे.

पुढचा सीन जेवणाच्या टेबलावरचा. समोर क्रॅब रँगून. अजयच्या सोबत्याने गुपचूप मदतीचा मेसेज पाठवलेला असतो, तो पकडला जातो. पेगन त्याला चौकशीसाठी घेऊन जातो आणि अजयला सांगतो की बस, खाऊन घे, मी येतो. बाजूच्या खोलीतून किंकाळ्या ऐकू यायला लागतात. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण बसून खेकडे खाईल? सगळे उठतात. मग पळापळ, मग 'गोल्डन पाथ' या बंडखोरांची फौज आणि पुढचे वीस-पंचवीस तास ठोकाठोकी.

त्या शुक्रवारी मी उठले नाही. कारण फोन वाजला.

आईचा होता, रत्नागिरीहून. ''अगं, तुझे काका रविवारी वाशीला येतायत. डोळ्यांचं चेकअप आहे. एक रात्र तुझ्याकडे टेकतील का?''

काका म्हणजे दादाचे बाबा आणि आमच्या घरातले ऑफिशियल व्हिलन. आजोबांनी लावलेली हापूसची कलमं त्यांनी बाबांना न विचारता विकली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद. आम्ही पोरं मात्र बोलतो, त्यात कुणाची हरकत नाही. पण काकांनी माझ्या घरी राहायचं? मी कंट्रोलर ठेवून गॅलरीत गेले. आईशी वाद घातला, बाबांना माहीत आहे का विचारलं. (नव्हतं.) शेवटी 'बघते' म्हणून फोन ठेवला. आत आले तर टीव्हीवर पेगन मिन परत आला होता.

हो, परत! बोलल्याप्रमाणे.

गेमिंगवाल्यांना ही ट्रिक केव्हाची ठाऊक आहे. माझ्यासाठी मात्र तो सॉलिड धक्का होता. तुम्ही जेमतेम पंधरा मिनिटं जागेवर बसून राहिलात, तर तो येतो, तुम्ही थांबलात म्हणून खूश होतो आणि सगळं सांगून टाकतो. अजयचे वडील मोहन हे गोल्डन पाथचे संस्थापक, शहीद, भिंतीभिंतींवर फोटो. त्यांनी बायकोला, ईश्वरीला, पेगनवर हेरगिरी करायला पाठवलं. दोघं प्रेमात पडले. त्यांना मुलगी झाली, तीच लक्ष्मणा. मोहनने त्या तान्ह्या पोरीला मारलं. ईश्वरीने मोहनला मारलं आणि अजयला घेऊन अमेरिका गाठली. मग पेगन अजयला हेलिकॉप्टरने लक्ष्मणाच्या स्मारकापाशी नेतो, अस्थी ठेवू देतो. क्रेडिट्स सुरू. एकही गोळी न झाडता गेम ओव्हर!

मी वेड्यासारखी बघत बसले. म्हणजे 2015 मध्ये मी जी शेकडो माणसं मारली, ती कशासाठी?

आता कुणी म्हणेल, बिच्चारा पेगन. अजिबात नाही हं. हाँगकाँगच्या गुन्हेगारी जगातला हा पोरगा भाडोत्री फौज घेऊन किरातच्या यादवी युद्धात घुसला, राजघराण्याची बाजू घेतली आणि काम झाल्यावर गादीच्या वारसालाच संपवलं. अख्खा देश अफूच्या धंद्याला जुंपला. लेकीच्या दुःखाने यातलं काहीही धुऊन निघत नाही. शिवाय पलीकडे किंकाळ्या चालू असताना थांबायचं, म्हणजे त्या सोबत्याला मरू द्यायचं. फुकटात काहीच मिळत नाही इथे. पण ज्यांच्या बाजूने आपण लढतो, त्यांचं काय? बंडखोरांचे दोन नेते. सबल परंपरेच्या नावाने विरोधकांचे गळे कापायला निघतो. अमिता प्रगतीच्या नावाने लहान मुलांना बंदुका आणि अफूच्या शेतांकडे ढकलते. कुणालाही गादीवर बसवा, पस्तावाल. माझ्या मते या सगळ्यांत पेगन एका बाबतीत उजवा आहे. तो अजयशी खोटं बोलत नाही.

'फार क्राय सिक्स'च्या एका जोडभागात, जानेवारी 2022 मध्ये, पेगनच्याच डोक्यात शिरून खेळायची सोय झाली. लोकांना हा माणूस किती आवडला, ते यावरून समजावं.

रत्नागिरी कनेक्शन

झोप उडालीच होती, म्हणून त्याचं नाव शोधायला बसले. गेममध्ये त्याने हे नाव उचललंय एका ब्रह्मी राजाकडून. खरा पेगन मिन ब्रह्मदेशाचा राजा होता, 1846 ते 1853. स्वतःच्या भावांच्या रक्ताने हात माखलेला. 1852 मध्ये तो इंग्रजांशी युद्ध हरला आणि पुढच्याच वर्षी सावत्रभाऊ मिंडॉनने त्याला गादीवरून खाली खेचलं. मिंडॉनच्या मुलाचं नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठले. थिबा!

अहो, आपला थिबा! रत्नागिरीच्या प्रत्येक पोराने ज्या राजवाड्यात शाळेची सहल काढली आहे, तो थिबा राजा. खरा पेगन मिन त्याचा सावत्र काका लागतो. थिबा 1878 मध्ये गादीवर आला आणि 1879 मध्ये मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या ऐंशीच्या आसपास नातलगांची कत्तल झाली. त्यात त्याची सासू आणि राणी सुपयालत यांचा हात किती आणि त्याचा स्वतःचा किती, यावर अजून वाद आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा राक्षस करून टाकलं, आणि 1885 मध्ये देश गिळताना इंग्रजांना ते सोयीचं पडलं. 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, म्हणजे बंदिवासाची चोवीस वर्षं उलटल्यावर. तिथून समुद्र दिसतो, पण परवानगीशिवाय गावाबाहेर जायची सोय नव्हती. जवळचे हिरे-माणकं विकत तो दिवस काढत राहिला आणि 1916 मध्ये तिथेच गेला. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीवर येऊन गेले.

मंडालेतला खुनी आणि रत्नागिरीतला एकटा म्हातारा, दोन्ही एकच माणूस. लहानपणी आम्हाला दुसराच सांगितला गेला. त्या कत्तलीबद्दल मी खारघरमध्ये, रात्री दोन वाजता पहिल्यांदा वाचलं.

सकाळी आईला मेसेज केला, 'येऊ देत.'

काका रविवारी आले. डोळ्यांत थेंब घातलेले, काळा चष्मा, हातात आंबापोळीचं पुडकं. जेवणं झाल्यावर काय बोलावं सुचेना, म्हणून दादाचा पीएस फोर लावून दाखवला. त्यांना धड दिसत नव्हतं, मीच सगळी गोष्ट सांगितली. मोहन, ईश्वरी, लक्ष्मणा, थिबा.

''म्हणजे हा थिबाचा काका?'' त्यांनी विचारलं.

''सावत्र.''

''काकाच व्हिलन बघ शेवटी,'' ते म्हणाले. ''राघोबादादापासून चालू आहे हे.''

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, ''त्या कलमांचं तुझ्या बाबाने तुला काय सांगितलंय?''

मी सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढं. ते मान हलवत ऐकत राहिले.

''बरं,'' ते म्हणाले. ''आता माझं ऐक. तुझी आजी तेव्हा मुंबईत ॲडमिट होती...''

टीव्हीवर गेम तसाच चालू होता. मी आवाज बंद केला.