फाशांचा नियम आणि पाण्याचा नियम

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यावयाची आणि पेच आला की फासा टाकावयाचा, असे त्याचे स्वरूप. त्यातील पोहण्याच्या व थकव्याच्या नियमांनी माझ्यातील डॉक्टरचे लक्ष वेधले.

२०१४ च्या नियमावलीत थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर चाल निम्मी होते, पाचव्या पायरीवर थांबते आणि सहावी म्हणजे मृत्यू. पोहणाऱ्या पात्राने दर तासाला वीस बाजूंचा फासा टाकावयाचा; काटकपणाचे गुण मिळवूनही दहा भरले नाहीत, तर थकवा एक पायरी वाढतो. अन्नपाण्यासह दीर्घ विश्रांती घेतली तरी एकच पायरी उतरते. हा शेवटचा नियम शरीरशास्त्राला जवळचा आहे. स्नायूंतील ग्लायकोजेनचा रिता झालेला साठा भरून येण्यास सुमारे एक दिवस लागतो.

मात्र पाणी तासाचा हिशेब पाळत नाही. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये 'ओशन्स सेव्हन' ही सात सागरी अंतरांची मोहीम पूर्ण केली, ती वर्षानुवर्षांच्या सरावाने आणि सोबतच्या नौकेच्या पहाऱ्यात. सामान्य माणूस प्रवाहात घाबरला की काही मिनिटांतच थकतो. श्वास उथळ व जलद होतो, पाय खाली जातात, शरीर उभे होते आणि सारी शक्ती तोंड पाण्यावर ठेवण्यात खर्च होते. श्वासासाठी धडपडताना हाक मारणेही शक्य नसते. म्हणून बुडणे बहुधा निःशब्द असते. येथे पायऱ्या मोजण्यास अवसर नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांची तापीशी ओळख खानदेशातली. तीच तापी उकाई धरण ओलांडून सुरतेस येते. धरणातून पाणी सोडले की नदी किती बदलते, हे ऑगस्ट २००६ च्या महापुराने आपणांस दाखविले आहे. तलावातल्या संथ पाण्यात आलेला आत्मविश्वास नदीत पुरेसा ठरत नाही.

म्हणून काही नियम घरोघरी सांगावेत. दम लागल्यास उताणे होऊन तरंगावे. प्रवाहाविरुद्ध झगडू नये, तिरके काठाकडे सरकावे. बुडणाऱ्यासाठी उडी घेण्याऐवजी दोर, साडी वा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब. शुद्धीवर आलेल्या रुग्णास खोकला वा धाप असेल, तर त्यास घरी न पाठविता काही तास देखरेखीखाली ठेवावे, ही माझी व्यवसायबंधूंना विनंती.

खेळात फासा उलटा पडला तर नवे पात्र घेता येते. नदीकाठी तशी सोय नाही.