कर्णाची मैत्री : प्रिय आणि हित

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रेमासाठीचे ग्रीक शब्द पाहिले. इरॉस म्हणजे ओढ, स्टॉर्गे म्हणजे घरातली माया, फिलिया म्हणजे मैत्र. आज यातलं मैत्र घेऊ आणि आपल्या ओळखीच्या एका जोडीला लावून बघू : कर्ण आणि दुर्योधन.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचे १० भाग आहेत. त्यातले ८ वा आणि ९ वा हे पूर्ण मैत्रीवर. तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. एक उपयोगासाठीची, दुसरी सहवासाच्या आनंदासाठीची, आणि तिसरी चांगल्या माणसांमधली, जिथे मित्राचं भलं मित्रासाठीच इच्छिलं जातं. पहिल्या दोन कारण संपलं की संपतात.

आता रंगभूमीवरचा प्रसंग आठवा. कर्णाला कुळ विचारलं जातं, त्याची मान खाली जाते, आणि दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. बदल्यात मागतो ती मैत्री. वरवर पाहिलं तर हा व्यवहारच झाला. एकाला अर्जुनाच्या तोडीचा धनुर्धर हवा, दुसऱ्याला मान हवा. पण पुढे उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो. नुसता व्यवहार असता तर कर्ण तेव्हाच फिरला असता. तो फिरत नाही. राधा-अधिरथांची माया आणि दुर्योधनाचे उपकार, दोन्ही त्याला धरून ठेवतात. म्हणजे पहिला प्रकार बाद.

मग ही तिसऱ्या प्रकारची मैत्री म्हणायची का? इथे आपण जरा थांबू या. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने उभा राहिला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. त्याला दटावून गप्प केलं ते कर्णाने. आणि गंमत बघा, कृष्णाशी बोलताना कर्ण स्वतःच कबूल करतो, की पांडवांना आपण कडू बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून, आणि आता त्याचा ताप होतो.

आपल्याकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत : प्रिय आणि हित. कर्णाने मित्राचं प्रिय केलं. हित सांगितलं विकर्णाने. आणि म्हणून विकर्णाने पक्ष सोडला का? नाही. तोही दुर्योधनाच्या बाजूने लढता लढता भीमाच्या हातून पडला. दोघांनीही प्राण दिले, पण अडवण्याचा धीर एकानेच दाखवला.

‘मृत्युंजय’ वाचून कर्णावर जीव जडलेल्यांना हे जड जाईल, आम्हालाही जातं. कर्णाचा त्याग खोटा नव्हता. प्रश्न एवढाच, की मित्र चुकत असताना आपण त्याला काय देतो?

पुढच्या व्याख्यानात राधा आणि कुंती. तिथेही हेच दोन शब्द हाताशी ठेवू.